बाकाखालचे बावन्न किलो

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, पण तुम्ही मला पेटी म्हणून ओळखणार नाही. माझ्या झाकणावर गादी आहे, म्हणून लोक मला बाक समजतात आणि खुशाल वर बसतात. एका लहानशा गाडीत, चालकाच्या शेजारी, माझी जागा आहे. वर माणूस आणि आत सामान, अशी दोन ओझी मी एका जिवावर वाहते. त्यांतलं जास्त जड कोणतं, हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही. आज मीच सांगणार आहे. सांगता सांगता माझं झाकण मधेच वाजलं तर घाबरू नका. त्याचाही खुलासा पुढे येईल, निदान जेवढा मला ठाऊक आहे तेवढा.

माझ्या फळ्या एका मोडक्या कपाटाच्या दाराच्या. ज्याने मला ठोकून ठोकून उभं केलं तो वजनकाट्यावर कामाला होता. मालाने भरलेले ट्रक ज्या लोखंडी फलाटावर उभे करून तोलतात, तो काटा त्याच्या ताब्यात. सगळे त्याला काटेवाले म्हणत. उभा जन्म तिथे गेल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्याला किलोत दिसायची. घरी पाहुणा आला की हा आधी त्याला नजरेने तोलायचा, मग पाणी विचारायचा. सुतारकाम मात्र यथातथाच. माझा एकही कोपरा काटकोनात नाही आणि मागच्या सांध्यातून बोट आत जातं. हे मी रागाने सांगत नाही. ज्याने घडवलं त्याच्या चुका आपण अंगावर वागवतोच.

त्याची बायको शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, फाटक्या बाह्या, जे येईल ते. मुलगी शिकून परगावच्या दवाखान्यात एक्स-रे काढायच्या कामाला लागली, घर रिकामं झालं, तेव्हा या दोघांनी बेकरीची जुनी, पाव पोचवायची गाडी घेतली आणि सुट्टीत तिच्यातच राहून हिंडायचं ठरवलं. आत जागा सात फूट लांब आणि साडेचार फूट रुंद. शेजारीपाजारी हसले. एवढ्याशा जागेत दोघांना भांडायचं झालं तर कुठे भांडणार, असं कोणीतरी विचारलंही. बाहेर उतरून भांडू, असं तिने उत्तर दिलं.

जागा कमी पडते ती सामानामुळे नाही, आळसामुळे, असं तिचं म्हणणं. पातेल्यात पातेलं, त्यात वाटी, वाटीत मिठाची डबी. चहाचे पेले धुतलेल्या मोज्यांत, आणि मोजे बुटांत. चहाला बुटाचा वास येतो अशी तक्रार काटेवाल्याने दोनदा केली. तिसऱ्यांदा चहाच मिळाला नाही, तेव्हा वासही गेला. जादा कपडे उशीच्या अभ्र्यात भरायचे, म्हणजे कपड्यांना वेगळी जागा नको आणि उशीलाही नको. झोपायची फळी दिवसा टेबल व्हायची. दारांच्या आतल्या बाजूला, छताला, माझ्या पोटात, जिथे म्हणून कापड अडकवता येईल तिथे तिने खिसे शिवून लावले. माझ्यात पांघरुणं, दोर, जॅक आणि पान्हे असायचे. आणि झाकणाच्या कडेलगत एका खिशात, काटेवाल्याच्या छातीच्या गोळ्यांसकट, औषधांचा डबा, चालकाने बसल्या जागेवरून हात घातला की लागेल असा.

सहल संपली की अंगणात एक चादर अंथरायची. गाडीतलं सगळं सामान तिच्यावर काढायचं आणि दोन ढीग करायचे, एक वापरलेल्याचा आणि एक न वापरलेल्याचा. जे वापरलं नाही ते पुढच्या खेपेला गाडीत चढायचं नाही, मग ते कितीही लाडकं असो. जॅक आणि औषधं तेवढी या नियमातून सुटली होती. काटेवाल्याची दुर्बीण पहिल्याच चादरीवर गळाली आणि तो दोन दिवस तोंड पाडून बसला होता.

एवढ्या खिशांत एकच खिसा चुकला. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, तो नेमका तिच्या स्वतःच्या हाताशी, माझ्या वरच्या अंगाला खिडकीखाली होता. तेलाची, मधाची आणि खोकल्याच्या औषधाची अशा तीन काचेच्या बाटल्या त्यात राहायच्या. खिसा बोटभर सैल झाला होता, त्यामुळे वळणावर बाटल्या एकमेकींवर आपटून खणखणायच्या. घरी गेल्यावर आवळते, असं ती दर खेपेला म्हणायची आणि अकरा वर्षांत तिने तो आवळला नाही. वळण आलं की काटेवाला रस्त्यावरची नजर न काढता म्हणायचा, "धर." ती हाताने खिसा दाबून धरायची. वळण गेलं की हात खाली. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा तरी हे व्हायचं. त्या दोघांचं बोलणं मोजलं तर त्यात हाच शब्द सगळ्यांत जास्त वेळा निघेल.

निघण्याआधी गाडी काट्यावर जायची. आधी एका बाजूची चाकं फलाटावर, मग दुसऱ्या बाजूची. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते, असा काटेवाल्याचा सिद्धांत होता. बायकोला माझ्यावर बसवून, स्वतः स्टिअरिंगमागे बसून तो खिडकीतून आकडा वाचायचा आणि तिला हलू नकोस म्हणून बजावायचा. बावन्न किलो हलून हलून किती हलणार, असं ती म्हणायची. ते बावन्न किलो धरूनच सगळ्या सामानाची जागा ठरली होती. पाच किलोच्या खालचं काट्याला दिसत नाही, पण तेवढं सोडलं तर दोन्ही बाजू नेहमी जुळायच्या.

मग ती आजारी पडली आणि चौदा दिवसांत गेली. मला हे सांगायला कोणी आलं नाही. गाडी अंगणात उभी होती. माझ्या गादीवर, ती बसायची तिथे, एक खळगा पडायचा आणि ती उठली की हळूहळू वर यायचा. या वेळी तो वर आलाच नाही. ऊन झालं, थंडी झाली, चार महिने गादी तशीच दबलेली राहिली. काहीतरी बिनसलंय हे मला त्यावरून कळलं.

चार महिन्यांनी काटेवाला एकटाच गाडी घेऊन निघाला. पहिल्या वळणाला सवयीने त्याच्या तोंडून निघालं, "धर." वळण चांगलंच वाकडं होतं. मी आवाजाची वाट पाहिली. बाटल्या वाजल्या नाहीत.

मित्रांनो, मी लाकूड आहे. ऊन लागलं की लाकूड कुरकुरतं, हे मला कोणी शिकवायला नको. पण थांबायची जागा जवळ आली की ती उतरायच्या तयारीने थोडी पुढे सरकायची आणि माझं झाकण पुढच्या कडेला एकदा करकरायचं. त्या दिवशीही ते करकरलं. थांबायच्या जागेच्या थोडं अलीकडे, पुढच्या कडेला, एकदाच. वर कोणी नव्हतं. काटेवाल्याने गादीकडे पाहिलं. तो घाबरला नाही. त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्याने मीच घाबरले, कारण त्याला बरं वाटलं होतं.

परत आल्यावर तो गॅरेजवाल्याकडे गेला आणि गाडी चालकाच्या अंगाला ओढते म्हणाला. गॅरेजवाल्याने चाकं पाहिली, स्प्रिंगा पाहिल्या, खाली आडवा होऊन सगळं पाहिलं. "काटेवाले, गाडीत काही बिघाड नाही," तो हात पुसत म्हणाला. "शेजारचं माणूस गेलं की काही दिवस असं वाटतं. होईल सवय." काटेवाल्याने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. त्याने गाडी काट्यावर नेली. तिच्या बाजूला पन्नास किलो कमी भरले.

त्याला वाटलं, आता उलगडा झाला. ती गाडीत होती, वळणावर खिसा धरत होती, उतरण्याआधी पुढे सरकत होती. फक्त तिचं वजन तेवढं कुठेतरी राहून गेलं होतं. आणि वजन ही तर त्याच्याच हातातली गोष्ट.

त्याने मला रिकामं केलं. पांघरुणं, दोर, पान्हे, औषधांचा डबा, सगळं उचलून मागे टाकलं. मग तिच्या शिलाई मशीनचं लोखंडी धूड आणून माझ्यात ठेवलं. त्याच्या बाजूला तिची जुनी जड इस्त्री. मग दगड. पूर्वी ते दोघे जिथे जिथे थांबले होते तिथे जाऊन तो एकेक दगड आणायचा, घरच्या लहान काट्यावर तोलायचा आणि माझ्यात रचायचा. बावन्न किलो भरले त्या दिवशी गाडी पुन्हा मोठ्या काट्यावर चढली. दोन्ही आकडे जुळले. त्याने गादीवर हात ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, "बसलीस ना नीट?"

माझी तळाची फळी त्याच दिवशी पहिल्यांदा चिरली.

तीन वर्षं मी ते वाहिलं. काटेवाला निवृत्त झाला आणि जास्तच हिंडू लागला. ज्या गाडीत सुईलासुद्धा ठरलेली जागा होती तिथे आता सगळं मागे ढिगात लोळत होतं. पातेल्यात मोजे आणि पांघरुणात पान्हे. झोपताना त्याला पाय लांब करता येत नसत, गुडघे पोटाशी घेऊन पडायचा. चादर अंथरणं कधीच बंद झालं होतं. माझ्या पोटातल्या दगडांचा उपयोग काय, हे विचारणारं कोणी गाडीत नव्हतं. आणि जी होती, तिच्या नावाने तर ते भरले होते. वळणावर बाटल्या गप्प असायच्या. तो बोलायचा, घाटात काय दिसतंय ते सांगायचा, उत्तरासाठी थांबायचा, मान हलवायचा. मला ते ऐकवत नसे.

एकदा मुलगी सुट्टी काढून बरोबर यायला निघाली. ती माझ्यावर बसणार तोच तो म्हणाला, "तिथे नको. मागे बस." ती मागे उपड्या बादलीवर बसली. वाटेत दोन-तीनदा तो "धर" म्हणाला, आणि ते आपल्याला नाही, हे तिला न सांगता कळलं. पहिल्याच गावात ती उतरली आणि बसने परत गेली. एक्स-रे काढणारी मुलगी ती, बंद झाकणाखाली काय आहे याचा अंदाज तिला आला असणार.

मग एका दुपारी, डोंगरातल्या रस्त्यावर, काटेवाल्याच्या छातीत दुखू लागलं. गाडी कडेला घेण्याइतकं भान त्याला राहिलं. त्याचा हात सवयीने माझ्या झाकणाखाली, कडेच्या खिशाकडे गेला. तिथे दगड होता. औषधांचा डबा मागच्या ढिगात कुठेतरी पडलेला. तो त्या दगडावरूनच बोटं फिरवत राहिला. माझं झाकण करकरू लागलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, वर बसलेलं कोणी उठू पाहतंय आणि त्याला उठता येत नाही असं. मी मदत करू शकले नाही. माझ्या पोटात बावन्न किलो होते आणि त्यातला एकही किलो त्याच्या कामाचा नव्हता. शेवटी रस्त्याची डागडुजी करणाऱ्या एका बाईने त्याला पाहिलं. त्याने खुणेने मागे दाखवलं तसा तिने सगळा ढीग उपसला, डबा शोधला आणि त्याने दाखवलेली गोळी त्याच्या जिभेखाली ठेवली. दोन मिनिटांचाच प्रश्न होता, असं नंतर डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरांनी आणखीही एक सांगितलं. एकट्याने गाडी चालवायची नाही. शेजारी माणूस हवं, नाहीतर किल्ली मुलीने ठेवून घ्यावी. गाडी सुटली तर बापाजवळ दुसरं काही उरत नाही, हे मुलीला माहीत होतं. शेजारी मी बसेन, सुट्ट्या जमवून येत जाईन, असं तिने सांगितलं. तो म्हणाला, शेजारी जागा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घरातून ती जुनी चादर आणली आणि अंगणात अंथरली. माझं झाकण उघडलं, मशीन आणि इस्त्री उचलून घरात ठेवली, मग एकेक दगड काढून चादरीवर मांडू लागली. काटेवाला पायरीवर बसून होता. तिने एकही दगड फेकला नाही. प्रत्येक दगड हातात धरून ती विचारायची, हा कुठला? तो सांगायचा. हा नदीकाठचा, तिथे तुझ्या आईची चप्पल वाहून गेली. हा घाटातला, तिथे आमचं भांडण झालं आणि खरंच बाहेर उतरून भांडलो. दगड संपेपर्यंत ऊन अंगणभर आलं.

"यातलं वापरलं काय, बाबा?" तिने विचारलं.

"सगळं. याने गाडी सरळ चालते."

"त्या दिवशी तुमचा हात औषधाला गेला आणि दगडाला लागला. आईने त्या खिशात दगड ठेवला असता?"

काटेवाला पायरीवरून उठला आणि चादरीवरचा एक दगड हाताने सरळ केला. मग खाली बघत म्हणाला, "वजन काढलं तर ती राहील कशी गं?"

"मला माहीत नाही, बाबा," मुलगी म्हणाली. "पण मी पुन्हा बादलीवर बसणार नाही."

ते दगड अंगणातल्या नळाजवळ रचले गेले. पांघरुणं, दोर, पान्हे माझ्यात परत आले आणि औषधांचा डबा त्याच्या खिशात बसला. मुलगी हात धुवायला गेली तेव्हा काटेवाल्याने तो नदीकाठचा, सगळ्यांत लहान, सुपारीएवढा दगड उचलून गुपचूप माझ्या मागच्या खिशात सरकवला. तिने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

दोघे काट्यावर गेले. तिथे आता दुसरा माणूस होता. त्याने जुन्या काटेवाल्याला ओळखलं आणि फलाट मोकळा करून दिला. मुलगी माझ्यावर बसली. खळगा तिला पुरत नव्हता. आधी एका बाजूची चाकं, मग दुसऱ्या बाजूची. काटेवाल्याने खिडकीतून आकडे वाचले आणि त्याचा चेहरा पडला.

"तुझ्या बाजूला दहा जास्त."

"मी चौसष्ट किलोची आहे, बाबा. आईएवढी कशी भरेन?"

त्याने खिडकीतून आकडा पुन्हा एकदा वाचला. मागे एक ट्रक येऊन थांबला होता. मग तो खाली उतरला, माझ्या मागे असलेला पाच लिटर पाण्याचा कॅन उचलला आणि आपल्या बाजूला नेऊन ठेवला. इकडचे पाच गेले, तिकडे पाच आले, दहाचा फरक मिटला. तीन वर्षांत त्याने गाडीतली एखादी वस्तू जिवंत माणसासाठी हलवली ती ही पहिलीच. त्या लहान दगडाचं काट्याला काही कळलं नाही.

गाडी डोंगराकडे लागली. पहिलं वळण आलं आणि तो म्हणाला, "धर."

मुलीला काय धरायचं ते कळेना. तिने दाराचा दांडा धरला. आणि खिडकीखालच्या खिशात बाटल्या खणखणल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा, अगदी पूर्वी वाजायच्या तशा, तिन्ही.

काटेवाल्याने गाडी कडेला घेतली. तो बाटल्यांकडे बघत राहिला. मग त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि मोठ्याने रडला. ती गेली त्या दिवशीसुद्धा तो असा रडला नव्हता, असं मुलीच्या तोंडून मी नंतर ऐकलं.

"सोडलं तिने," तो म्हणाला.

"काय सोडलं, बाबा?"

त्याने मुलीचा हात धरला आणि बाटल्यांच्या खिशावर ठेवला. "हे. वळणावर हे धरायचं असतं."

पुढे थांबायची जागा जवळ आली तेव्हा मी पुढच्या कडेला कान लावून होते. काहीच वाजलं नाही. मुलगी उतरण्याआधी पुढे सरकत नाही, एकदम उठते. खरं सांगते, मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. रात्रीतून गादीचा खळगाही वर आला. अकरा वर्षं आणि त्यावर तीन वर्षं मी तिला वागवलं होतं, आणि जाताना तिने मला एकदाही करकरू दिलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी पेटी असेल, एखादं कपाट असेल, ज्याचं झाकण कोणी उघडत नाही. एखाद्या सुट्टीच्या सकाळी चादर अंथरा आणि घरातल्या मोठ्या माणसाजवळ बसून त्यातली एकेक वस्तू बाहेर काढा. घाई करू नका, काही फेकू नका, कुठली ते विचारा. गेलेल्या माणसाचं काही ठेवायचं असेल तर जरूर ठेवा, पण काट्याला दिसणार नाही एवढंच. औषधाची जागा औषधाला असू द्या आणि बसायची जागा बसणाऱ्याला. आम्ही पेट्या तक्रार करत नाही, जे भराल ते वाहतो, म्हणून तर तुम्हीच बघायला हवं.

माझी चिरलेली फळी काटेवाल्याने खिळे मारून बसवली, वाकडीच. मुलगी दर सुट्टीत येते. तो "धर" म्हणतो, ती धरते, पण तिला अजून जरा उशीर होतो आणि बाटल्या एकदा तरी वाजतात. घरी गेल्यावर हा खिसा आवळते, असं ती दर खेपेला म्हणते. अजून आवळलेला नाही.